दोन गाठी

मी एक निवृत्त शाळामास्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी नोकरी श्रीरामपूरच्या आसपासच्या खेड्यांतून मुलांना बेरजा-वजाबाक्या शिकविण्यात गेली. तेव्हा वैद्यक आणि पशुवैद्यक ह्या दोन्ही शास्त्रांवर एकदम बोलावयास हा गृहस्थ उभा राहिला कसा, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच की, सन २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन गाठी एकाच सुमारास निघाल्या. एक माझ्या थोरल्या बंधूंच्या डोक्यात, आणि दुसरी त्यांच्या गोठ्यातील एका गाईच्या खांद्यापुढे. पहिलीवर शस्त्रक्रिया झाली व बंधू आज हिंडतेफिरते आहेत. दुसरीचा अर्थ मला वेळेवर कळला नाही आणि गाय गेली. त्या चुकीपायी जे वाचले, विचारले व पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दादांची जमीन प्रवरेच्या कालव्यावर आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि आमच्या भागातील कोरडवाहू रानाचे उसाचे रान झाले. उसामागून वाढे आले, वाढ्यांमागून दुभती जनावरे आली. आमच्या वडिलांच्या काळी दावणीला एक गीर गाय आणि बैलांची जोडी असे. घरचे ताक झाले की दुभत्याचा हेतू संपला. आता दादांच्या गोठ्यात सहा संकरित गाई आणि हौसेने राखलेली एक गीर आहे. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात, दुधाचे आठवड्याला येतात. किराणा, वीज आणि नातवंडांच्या शाळेची फी ह्या सहा गाईंच्या कासेतून निघते. गाय मेली म्हणजे काय जाते, हे शहरातील श्रोत्यांस कळावे म्हणून हा हिशेब सांगितला.

त्या वर्षी ज्येष्ठात दादांच्या डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. बांधावरून चालताना पाय अडखळे. वयाचा वात म्हणून आम्ही तेल चोळीत बसलो. मग एके पहाटे धार काढता काढताच त्यांना झटका आला व चरवी उलटली. पुण्यास नेले. तेथे डोक्याचा फोटो निघाला तेव्हा कवटीच्या मध्यरेषेजवळ लिंबाएवढी गाठ दिसली. शल्यवैद्य मोठे समंजस गृहस्थ होते. त्यांनी कागदावर आकृती काढून समजाविले की, ही गाठ मेंदूतून उपजलेली नसून मेंदूवरील आवरणातून उठलेली आहे. हिला मेनिंजिओमा म्हणतात. बहुधा ही कर्करोगाच्या जातीची नसते व फार सावकाश वाढते. मात्र ती एका मोठ्या शिरेला चिकटलेली आहे. गाठ काढू, परंतु शिरेवरचा पातळ पापुद्रा तसाच सोडावा लागेल; कारण ती शीर फाटली तर माणूस हाती लागत नाही. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आम्ही पेढे वाटावयास निघालो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पेढे वाटा. पण ह्या कामाचा निकाल आज लागत नसतो."

इकडे गोठा माझ्या हवाली होता. पुतण्या दवाखान्यात बसलेला, वहिनी दादांपाशी. गाईंच्या कानांत, कासेभोवती व शेपटीखाली गोचिडी झाल्या होत्या. घरात औषधाची बाटली होती. दादा कित्येक वर्षे तेच औषध वापरीत. बाटलीवरील प्रमाण मला कमी वाटले म्हणून मी मास्तरकीच्या तोऱ्यात दुप्पट घातले आणि सातही जनावरे धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी गोचिडींचा सडा पडला. मी पुण्यास फोन करून कळविले, "दादा, गोठा साफ झाला." तीन आठवडे उलटले नाहीत तोच गोचिडी पुन्हा जागच्या जागी. आणि एक पहिलारू गाय वैरण सोडून उभी राहिली. अंग तापले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि खांद्यापुढे एक टणक गाठ हाताला लागत होती. मला वाटले, खुंटा लागून मुकामार बसला असेल. मी हळद-चुना लावला. पाचव्या दिवशी पशुवैद्य आले, त्यांनी त्या गाठीला हात लावला मात्र, आणि "थायलेरिया" असे म्हणून लगोलग सुई टोचली. ह्या रोगावर बुपार्व्हाक्वोन नावाचे चांगले औषध आहे, परंतु ते पहिल्या एक-दोन दिवसांत मिळावे लागते. रक्त आटून गेल्यावर त्याचा उपाय चालत नाही. सहाव्या दिवशी गाय बसली ती उठली नाही.

ती गाठ मुकामाराची नव्हती. थायलेरियाचा अतिसूक्ष्म जंतू गोचिडीच्या लाळेतून गाईच्या अंगात शिरतो आणि आधी जवळच्या रसग्रंथीत ठाण मांडतो. ग्रंथी सुजते, ताप चढतो, मग तांबड्या रक्तपेशींचा नाश होतो. गाठ हीच पहिली सूचना असते. मी ती चार दिवस हाताने चाचपीत होतो.

पशुवैद्यांनी मला बोल लावला नाही. त्यांनी विचारले, "मास्तर, औषध कोठे मारलेत?" म्हटले, "जनावरांच्या अंगावर." तेव्हा ते गव्हाणीमागच्या दगडी भिंतीशी गेले आणि एका फटीतील चिपाट त्यांनी उलथण्याने उचकटले. आत साबुदाण्याहून बारीक, तपकिरी अंड्यांचा चकचकीत ढीग होता, शेजारी सुकून गेलेली मादी, आणि त्या मागे कात टाकून नुकत्याच मोठ्या झालेल्या, चट्टेदार पायांच्या कितीतरी गोचिडी गप्प बसलेल्या. हायलोमा नावाची ही जात आहे. ती जनावराच्या अंगावर पोटभर रक्त पिते, खाली गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते, तेथे कात टाकते किंवा अंडी घालते. मादी हजारो अंडी एकदम घालून मरते. म्हणजे जनावराच्या अंगावर आपणांस दिसते ती ह्या गोकुळातील थोडीशी मंडळी. बाकीची भिंतीत असते. आणि लहानपणी रोगी जनावराचे रक्त प्यालेली गोचीड मोठी होऊन भिंतीतून बाहेर येते, ती रोगाची पुरचुंडी घेऊनच. मी धुतल्या त्या गाई. भिंतीला कोणी हात लावला नव्हता.

टाके निघाल्यावर दादांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, डॉक्टर माझ्या डोक्याविषयी जे बोलले तेच हे झाले. दिसत होते ते काढले. चिकटून राहिले त्याचे काय?"

हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. १८८४ साली लंडनमध्ये रिकमन गॉडली ह्यांनी एका रुग्णाच्या मेंदूतील गाठ काढली, त्याचा जगभर गाजावाजा झाला. रुग्ण सुमारे चार आठवड्यांनी जंतुदोषाने वारला, ही गोष्ट गाजावाज्यात मागे पडली. पुढे अमेरिकेत हार्वे कुशिंग नावाचा शल्यवैद्य झाला. 'मेनिंजिओमा' हा शब्द १९२२ साली त्यानेच रूढ केला. त्याचे हात कुशल होते ह्यात शंका नाही. रक्तस्राव आवरण्याच्या त्याच्या युक्त्यांनी मेज गाठणाऱ्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच उतरले. परंतु मला त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आपल्या हातून गेलेल्या रोग्यांनी शस्त्रक्रियेच्या वार्षिक दिवशी पत्र लिहून आपली हालहवाल कळवावी, अशी त्याची विनंती असे. लुईझ आयझेनहार्ट नावाची एक बाई त्याच्याकडे कारकुनी कामासाठी आली, पुढे स्वतः डॉक्टर झाली. प्रत्येक गाठीचे निदान व प्रत्येक रोग्याचे काय झाले हे ती वहीत टिपून ठेवी. १९३१ च्या एप्रिलमध्ये त्या वहीत दोन हजारावी गाठ चढली. त्या काळी रुग्ण घरी गेला की बहुतेक डॉक्टरांचे कर्तव्य संपत असे. ह्या दोघांनी ते संपू दिले नाही.

अशा वह्यांतूनच १९५७ साली डोनाल्ड सिम्प्सन ह्या ऑस्ट्रेलियन शल्यवैद्यास आपला प्रसिद्ध हिशेब मांडता आला. गाठ मुळासकट, आवरण व हाडासह निघाली, तर दहा वर्षांत ती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शेकडा सुमारे नऊ. आणि काही भाग मागे राहिला तर तेच प्रमाण शेकडा चाळीसच्या पुढेमागे. आज सूक्ष्मदर्शक यंत्रे आहेत, फोटो आहेत, उरलेल्या भागावर किरणांचा मारा करण्याची सोय आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कोणी कोणास लावू नयेत. पण तत्त्व तेच राहिले आहे. मेंदूतूनच उपजणाऱ्या काही दुष्ट गाठींची कथा तर याहून कठीण आहे. त्यांची मुळे निरोगी मेंदूत अशी शिरलेली असतात की कड कोठे संपते हे सुरीला कळत नाही, आणि तेथे हिशेब वर्षांचा नव्हे, महिन्यांचा असतो. आपल्याकडे ही विद्या १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी ह्यांनी रुजविली, मुंबईत डॉ. राम गिंडे ह्यांनी. असो.

गोचिडीचा इतिहास मला याहून मनोरंजक वाटला. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील धष्टपुष्ट गुरे उत्तरेकडे हाकली की, ती ज्या वाटेने गेली तेथील उत्तरेची गुरे पटापट मरत. दक्षिणेची गुरे मात्र ठणठणीत. गुराखी म्हणत, हे गोचिडींचे काम. पंडित त्यांना हसत. थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न ह्या दोघांनी दक्षिणेच्या काही गुरांच्या अंगावरील गोचिडी हातांनी वेचून काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या, आणि दोन्हींच्या सहवासात उत्तरेची गुरे सोडली. जेथे गोचिडी होत्या तेथेच रोग झाला. १८९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली. म्हणजे रोगाचा जंतू एका प्राण्यापासून दुसऱ्याकडे किटकुल नेते हे ज्ञान डासाआधी गोचिडीने आपणांस दिले. आणि गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले, हे सांगताना माझ्यासारख्या खेड्यातील माणसास थोडा आनंद होतो.

त्यानंतर अमेरिकेने १९०६ पासून १९४३ पर्यंत मोहीम चालविली. गुरांना सोमलाच्या पाण्यातून दर पंधरवड्यास काढीत. त्यातील मर्म असे की, तेथील जातीची गोचीड लहानपणापासून गळून पडेपर्यंत तीनेक आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढते. पंधरवड्याने औषध लागले की कोणतीच मादी अंडी घालण्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडेही तिची बहीण आहे, आणि तिच्यापुरता तो उपाय लागू पडतो. परंतु भिंतीत राहणाऱ्या हायलोमाला तो पुरत नाही. शत्रू कोठे राहतो हे न पाहता परक्याचा उपाय उचलला की माझ्यासारखी फजिती होते.

दुसरी फजिती औषधाच्या मात्रेची. सोमल वापरून वापरून १९३० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात व आफ्रिकेत सोमल पचविणाऱ्या गोचिडी निघाल्या. मग डी.डी.टी. आले, ते काही वर्षांत निकामी झाले. त्यामागून आणखी चार तऱ्हेची विषे आली, आणि प्रत्येकाची तीच गत. आज आपल्या देशात सर्रास वापरले जाणारे डेल्टामेथ्रिन कित्येक राज्यांतील गोचिडींना पुरेनासे झाले आहे, असे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतील व इतरत्रच्या शास्त्रज्ञांनी तपासून दाखविले आहे. कारण साधे आहे. औषधाने दुबळ्या गोचिडी मरतात, चिवट राहतात, आणि पुढची सारी पिढी त्या चिवटांची. दादांनी वर्षानुवर्षे एकच बाटली वापरली; मी ती दुप्पट करून गाईच्या कातडीवर, आणि कदाचित दुधातही, विष वाढविले एवढेच. शहरातील गृहिणींनी हे ध्यानात घ्यावे. आयव्हरमेक्टिन म्हणून एक सुई आहे. ती दुभत्या गाईला टोचली तर तिचा अंश दुधात उतरतो. औषधानंतर किती दिवस दूध बाजूस ठेवावे हे पशुवैद्य सांगतात. ते दूध ओतून देण्याचे सामर्थ्य प्रत्येक गोठ्यापाशी नसते, हेही तितकेच खरे. २००३ साली जागतिक अभ्यासकांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे गोचिडी व त्यांच्यामुळे होणारे रोग ह्यांपायी भारताचे दरसाल सुमारे ४९ कोटी ८७ लक्ष डॉलरांचे नुकसान होत असे. त्यातील बराचसा वाटा अशाच लहान गोठ्यांचा असणार.

आता थोडे गाईंविषयी. आमची गीर त्याच गोठ्यात होती, तिच्या अंगावर गोचिडी थोड्या, आणि तापही आला नाही. हे दैव नव्हे. आपल्या देशी गाईंनी हजारो वर्षे गोचिडीबरोबर काढली आहेत. त्यांची कातडी व रक्त दोन्ही तिला सरावलेली आहेत. देशी गाय थायलेरियाचा जंतू अंगात वागवूनही सहसा आजारी पडत नाही, अगदी अमेरिकेतील त्या दक्षिणेच्या गुरांसारखी. मात्र तिच्या रक्तातून तो गोचिडीकडे, व तेथून शेजारच्या संकरित गाईकडे जातो. श्रीरामपूरपासून जवळच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तेथे होल्स्टीन, जर्सी व गीर अशा तिन्हींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार झाली. उरळीकांचनला मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाय खेडोपाडी नेली. ह्या गाईंनी आमच्या जिल्ह्यास दुधाचा जिल्हा केले, त्यांना नावे ठेवणारा मी नव्हे. माझ्या पुतण्याची फी त्यांनीच भरली. परंतु दुधाबरोबर परदेशी रक्ताची नाजूक बाजूही आली. गंमत अशी की, त्याच काळात ऑस्ट्रेलियाचे लोक आपल्याकडील साहिवाल व लाल सिंधी रक्त आपल्या जर्सीत मिसळीत होते, ते गोचिडीला तोंड देणारी दुभती गाय मिळावी म्हणून. ब्राझीलने आपली गीर नेऊन होल्स्टीनशी जोडली आणि त्या गिरोलँडो गाईंवर तेथील दुधाचा मोठा धंदा उभा आहे. आपण दूध मागत होतो, ते कातडी मागत होते.

लसींचेही प्रयत्न झाले. थायलेरियावर 'रक्षावॅक-टी' नावाची लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने काढली. ती द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतच टिकते, म्हणून खेड्यात पोहोचविणे जिकिरीचे. खुद्द गोचिडीविरुद्धची लस १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया व क्यूबा येथे निघाली. गोचिडीच्या आतड्यातील एका द्रव्याची ती गाईला टोचतात. गाईचे रक्त मग गोचिडीच्याच पोटात जाऊन तिचे आतडे पोखरते. कल्पना मोठी नामी आहे. पण ती गोचिडी ताबडतोब मारीत नाही, हळूहळू अंडी कमी करते, आणि प्रत्येक जातीवर सारखी चालत नाही.

हा प्रश्न गोठ्यापुरताच नाही. १९५७ साली, म्हणजे सिम्प्सनचा हिशेब निघाला त्याच वर्षी, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व मागोमाग माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला आणि तो रानातील गोचिडीमार्फत पसरतो हे दाखविले. तोच ताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याकडे आला व काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यात सापडली. २०११ साली अहमदाबादजवळ क्रायमियन-काँगो नावाच्या रक्तस्रावी तापाने एक बाई दगावली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका ह्यांचाही बळी गेला. निदान पुण्यासच झाले. तो विषाणू हायलोमा गोचिडीत वसतो, आणि जनावर वरून निरोगी दिसते. हे वाचले त्या दिवसापासून नखाने गोचीड चिरडण्याची माझी साठ वर्षांची सवय सुटली. चिमट्याने उपटून साबणाच्या पाण्यात टाकतो.

दादा घरी परतल्यावर आम्ही गोठ्याची भिंत आतून सिमेंटने लिंपून घेतली. गव्हाणीखालची जुनी वैरण जाळली. भिंतीच्या पायथ्याशी व कुडाच्या सांध्यांत ज्योत फिरविली. औषध पशुवैद्य सांगतील ते, सांगतील त्याच मापाने, आणि अंगाबरोबर गोठ्यालाही. वहिनींनी चार कोंबड्या गोठ्यात सोडल्या; त्या गोचिडी वेचून खातात, हे आमच्या आजीला ठाऊक होते आणि मधल्या पिढीला स्वच्छतेच्या नादात विसरायला झाले होते. आणि एक वही केली. ऑस्ट्रेलियात गाईच्या एकाच अंगावरील, ठराविक आकाराच्या फुगलेल्या गोचिडी मोजून त्यांची दुप्पट करण्याची पद्धत आहे. आम्ही दर रविवारी तसेच मोजतो. मोजण्याचे काम पुतण्याचे, लिहिण्याचे वहिनींचे, आणि बेरजेचे माझे. पहिल्या पावसाळ्यात आकडे निराशाजनक होते, एका गाईच्या नावापुढे दोन अंकी संख्या अनेक रविवार उतरेना. मागाहून ओळीच्या ओळी शून्याच्या आल्या, पुन्हा आषाढात चढल्या, पण कमी चढल्या. थायलेरियाचा ताप आणखी एकदा आला. त्या वेळी खांद्यापुढची गाठ वहिनींच्या हाताला पहिल्याच दिवशी लागली, सुई वेळेवर मिळाली व ती गाय आज दुधात आहे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दादांच्या डोक्याच्या फोटोच्या तारखा आहेत. पहिल्या दोन वर्षांत दोन, नंतर वर्षास एक. शिरेवरचा पापुद्रा अजून आहे तेवढाच आहे. दादा ते पान स्वतः उघडीत नाहीत. तारीख जवळ आली की वहिनी उघडतात, आणि मी पुण्याच्या गाडीची चौकशी करावयास स्टेशनवर जातो.